वेरूळ रस्त्यावर २४ खोल्यांचं हॉटेल: नवा बोअर घ्यावा का आहे तेच पाणी पुरवावं?

वेरूळकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. खुलताबाद-वेरूळ रस्त्यावरच्या एका हॉटेलचं पाणी बसवायचं आहे. खोल्या २४, खाटा ४८, जेवणघर ६० खुर्च्यांचं, समोर ३ गुंठे हिरवळ. बोअर दोन, दोन्ही साधारण ३५० फूट. दिवाळी ते संक्रांत काही अडचण नसते. मार्च लागला की पंप पाऊण तासात हवा ओढतो. एप्रिल-मेमध्ये रोज १० हजार लिटरचा एक टँकर, गर्दीच्या दिवशी दोन. हॉटेल भरलेलं असेल तर दिवसाला १६-१७ हजार लिटर लागत असावेत. मीटर नाही, पंपाच्या तासांवरून धरलेला हा आकडा आहे. पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) लिटरला ९०० मिलिग्रॅमच्या आसपास आहे, गिझरची कॉइल वर्षभरात पांढरी होते. गच्ची ४२० चौरस मीटर, पावसाचं पाणी सध्या सरळ रस्त्यावर जातं.

मालकांपुढं तीन प्रस्ताव आहेत. एक, ७०० फुटांचा नवा बोअर. दोन, गच्चीचं पाणी जुन्या बोअरमध्ये सोडणं. तीन, सांडपाणी शुद्ध करून हिरवळीला देणारं एका विक्रेत्याचं मशीन. वरून १० बाय ५ मीटरचा पोहण्याचा तलावही हवा आहे, कारण पाहुणे बुकिंग करताना तोच आधी विचारतात. यातलं आधी काय करावं आणि काय करूच नये?

---

काळा_पाषाण

नव्या बोअरपासून सुरुवात करतो, कारण पैसा तिथंच बुडतो.

आपल्याकडचा खडक म्हणजे लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. वर माती आणि मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक, मग अखंड काळा पाषाण, आणि पुन्हा दुसरा थर. पाणी राहतं ते मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. अखंड पाषाणात जवळजवळ काहीच नाही. म्हणून ३५० च्या जागी ७०० फूट गेलात म्हणजे पाणी दुप्पट, असा हिशोब इथं चालत नाही. वाटेत एखादा पाणी देणारा सांधा लागला तर लागला. तो लागला तरी इतक्या खोलवर पाणी मुरायला फार वेळ लागतो, त्यामुळं दोन-तीन उन्हाळे जोर दाखवून तोही बसतो. शिवाय त्याच भेगांवर शेजारच्या शेतकऱ्याची विहीर असते, हेही विसरू नका. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमानुसार ६० मीटर किंवा त्याहून जास्त खोली गेली की ती ‘खोल विहीर’ ठरते आणि तिच्यावर बंधनं आहेत. ७०० फूट म्हणजे २१३ मीटर. गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत तर विचारच करू नका. बोअरवाला हे सांगणार नाही, त्याला फुटामागं पैसे मिळतात.

आता आहेत ते बोअर. पाऊण तासात हवा ओढतो याचा अर्थ बोअर आटला असा नाही. भेगांतून पाणी ज्या गतीनं येतं त्याच्या कितीतरी पट गतीनं तुमचा पंप ते उपसतो. आधी बोअरमध्ये पाणी परत चढायची गती मोजा. पंप बंद केल्याबरोबर दोरीला वजन बांधून, किंवा पातळी मोजायच्या बॅटरीच्या टेपनं, पाणी किती खोल आहे ते लिहा आणि पुढं दर १० मिनिटांनी दोन तास लिहीत राहा. ६ इंची बोअरमध्ये एका मीटरला साधारण १८ लिटर पाणी मावतं. १० मिनिटांत पातळी १ मीटर चढली तर येणारं पाणी मिनिटाला १.८ लिटर, तासाला १०८, दिवसाला सुमारे २,६०० लिटर. पातळी वर येईल तशी ही गती कमी होते, म्हणून पहिल्या अर्ध्या तासाचा आकडा बघून खूश होऊ नका.

त्या आकड्यावर टायमर बसवा: २० मिनिटं चालू, दोन-अडीच तास बंद, रात्रंदिवस. सोबत कोरडा चालल्यास पंप बंद करणारं पॅनेल हवंच. पंप मोठा असेल तर लहान अश्वशक्तीचा घ्या. सलग दोन तास उपसण्यापेक्षा असं थोडं थोडं उचलल्यानं तोच बोअर दिवसाला बऱ्याचदा जास्त पाणी देतो, कारण पातळी तळाला जाऊन भेगा उघड्या पडत नाहीत आणि गाळही ओढला जात नाही.

पुनर्भरण, म्हणजे गच्चीचं पाणी बोअरमध्ये सोडणं, चांगलंच, पण बोअर पाणी घेतो का ते आधी तपासा. मे महिन्यात ५ हजार लिटरचा एक टँकर स्वच्छ पाणी त्यात ओता आणि पातळी किती वेळात मूळ जागी येते ते बघा. दोन-तीन तासांत उतरली तर बोअर घेतोय. दुसऱ्या दिवशीही वरच दिसली तर अशा बोअरभोवती खड्डा करून पहिल्याच मोठ्या पावसात तो तुंबणार. दोन बोअर असतील तर जो जास्त घेतो तो भरायला ठेवा आणि दुसऱ्यातून उपसा.

खड्डा २ बाय २ मीटर, खोली २ मीटर. खड्ड्यातल्या केसिंगला बारीक छिद्रं पाडून त्यावर नायलॉनची जाळी दोन पदरी गुंडाळायची. तळाला मोठे दगड, त्यावर खडी, वर जाड धुतलेली वाळू. बिघडतं ते वरच्या वाळूमुळं. दोन पावसांत तिच्यावर गाळाची साय धरते आणि पाणी वरून वाहून जातं. दर वर्षी मे अखेरीस वरची १०-१५ सेंटिमीटर वाळू काढून धुवायची, एवढं एकच काम आहे, आणि तेच कुणी करत नाही. खड्ड्यात फक्त गच्चीचं पाणी. वाहनतळाचं, हिरवळीचं पाणी बोअरजवळ आणूच नका. शौचालयाच्या टाकीपासून अंतर किमान १५ मीटर, जमलं तर ३०.

---

पाना_पक्कड

वरचं सगळं पटलं, पण ‘१६-१७ हजार असावेत’ हे वाचून थांबलो. पंपाचे तास गुणिले पाटीवरचा डिस्चार्ज असा हिशोब केला असेल तर तो आकडा चुकलाय. पातळी खाली गेली की तोच पंप निम्मं पाणी देतो.

भारतीय मानक आयएस ११७२ मध्ये हॉटेलला खाटेमागं दिवसाला १८० लिटर आणि उपाहारगृहाला खुर्चीमागं ७० लिटर धरतात. तुमचे ४८ × १८० = ८,६४० आणि ६० × ७० = ४,२००, मिळून १२,८४०. हिरवळीला मेमध्ये दोन हजारांच्या वर जात असणार. तरी १५ हजार होतात. तुमचा अंदाज खरा असेल तर उरलेले हजार-दोन हजार कुठंतरी गळतायत. अंदाज खोटा असेल तर सगळंच नव्यानं मोजायचं आहे.

चार मीटर लावा: बोअरवरून येणाऱ्या नळीवर, स्वयंपाकघराला, धुलाईला, बागेला. खोल्यांचा वापर वजाबाकीतून निघतो. मीटरच्या आधी गाळणी हवी, नाहीतर वाळूच्या कणानं चकती अडकते. आणि मीटरच्या आधी नळीच्या व्यासाच्या दहा पट लांबी सरळ ठेवा, कोपराला लागून बसवलेला मीटर खोटं बोलतो.

मग रात्रीची मोजणी. बोअरवरचा मीटर इथं कामाचा नाही, गच्चीवरच्या टाकीची पातळी बघा. टाकीत येणारं पाणी बंद करून रात्री १ आणि पहाटे ४ ला पट्टीनं पातळी लिहा. टाकी ३ बाय २ मीटरची असेल तर १ सेंटिमीटर म्हणजे ६० लिटर. सगळे झोपलेले असताना तीन तासांत ४-५ सेंटिमीटर उतरली तर शोधायला लागा. बहुतेक वेळा गुन्हेगार फ्लशची टाकी असते. आवाज येत नाही, फरशी ओली होत नाही, पाणी भांड्यातून गुपचूप जात राहतं. कपड्याची नीळ टाकीत चार थेंब टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळी छटा आली की तळाचं रबर गेलेलं आहे. आपल्या जड पाण्यानं त्या रबराच्या बैठकीवर क्षार बसतो, म्हणून नुसतं रबर बदलून भागत नाही, बैठक सायट्रिक ॲसिडच्या पाण्यानं घासावी लागते. २४ खोल्यांची ही तपासणी दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, त्या दिवशी खोल्या रिकाम्या मिळतात.

शॉवरबद्दल एक चूक सर्रास होते. कमी पाण्याचे शॉवर घाऊक आणून सगळीकडे लावतात आणि वरच्या मजल्याचे पाहुणे ओरडतात. १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे १ बार दाब. गच्चीवरची टाकी वरच्या मजल्याच्या शॉवरपेक्षा दोन-तीन मीटरच उंच असते, म्हणजे दाब पाव बार. हे शॉवर १ बारच्या वर चालायला बनवलेले असतात. तेव्हा तळमजल्याला आणि पहिल्या मजल्याला प्रवाह कमी करणारे रोधक घाला, वरच्या मजल्याला हात लावू नका, तिथं आधीच कमी येतंय. वॉशबेसिनला मात्र सगळीकडे मिनिटाला ३ लिटरची जाळी चालते. दर दोन महिन्यांनी त्या जाळ्या काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवायच्या.

प्रत्येक न्हाणीत बादली आणि तांब्या ठेवा. काही ‘आधुनिक’ हॉटेलांनी बादल्या काढून टाकल्या, हा मला न कळलेला प्रकार आहे. आपला माणूस दीड बादलीत, २५-३० लिटरमध्ये अंघोळ उरकतो. तोच शॉवरखाली ६० लिटर सांडतो.

आणि सोलरचं गरम पाणी. टाकीपासून शेवटच्या खोलीपर्यंत ३० मीटर नळी असेल आणि ती आतून २५ मि.मी. असेल, तर नळीतच सुमारे १५ लिटर थंड पाणी उभं असतं. सकाळी पहिला उठणारा ते सोडून देतो. मुख्य नळीला परतीची नळी जोडून टायमरवर लहान पंप ठेवा, पहाटे ५ ते ९ चालवा. तेवढा खर्च नको असेल तर नळीला वेष्टण घाला आणि न्हाणीत सूचना लावा: गरम येईपर्यंत पाणी बादलीत धरा.

जुनी १० लिटरची फ्लशची टाकी असेल तर तिच्यात बाटली टाकून पाणी वाचत नाही. ते भांडं १० लिटरच्या लोटासाठी बनलेलं असतं. कमी पाण्यात साफ होत नाही आणि माणूस दोनदा बटण दाबतो. भांड्यासकट ६/३ लिटरचा संच बदलायचा, नाहीतर आहे तसं राहू द्यायचं.

---

कर्दळ

मशीनवाल्याला एकच विचारा: वीज गेल्यावर आणि निम्म्या खोल्या रिकाम्या असताना ते जिवंत राहतं का? हवा फुंकून जिवाणू पोसणाऱ्या संचाला रोज साधारण सारखं सांडपाणी लागतं. पर्यटनात ते शक्य नाही. शनिवार-रविवार भरगच्च, मंगळवारी शुकशुकाट. जिवाणू उपाशी मरतात आणि शुक्रवारी संच वास मारायला लागतो.

तुमच्या आकाराला वाफ्याची पद्धत बरी, म्हणजे झाडं लावलेल्या खडीच्या वाफ्यातून सांडपाणी गाळून घेणं. फक्त अंघोळ आणि बेसिनचं पाणी घ्या, त्याची नळी शौचालयापासून आधी वेगळी काढावी लागेल. इमारतीत दोन्हींची एकच उभी नळी असेल तर खरा खर्च तिथं आहे, वाफ्यात नाही. आधी हे बघा.

समजा रोज ४,००० लिटर मिळालं. पाणी वाफ्यात दोन दिवस राहायला हवं, म्हणजे ८,००० लिटर. खडीत मोकळी जागा साधारण ४० टक्के, म्हणून वाफ्याचं आकारमान २० घनमीटर. खोली ६० सेंटिमीटर धरली तर ३३ चौरस मीटर. १० बाय साडेतीन मीटरचा करा. तळ एक टक्का उताराचा, जाड प्लास्टिकचा कागद किंवा काँक्रीट. आत येताना आणि बाहेर जाताना अर्धा मीटर ४०-६० मि.मी. खडी, मध्ये १०-२० मि.मी. खडी धुऊन. धूळ असलेली खडी टाकली तर पहिल्याच वर्षी बंद. वर कर्दळ लावा, चौरस मीटरला चार कंद. पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागाखाली १० सेंटिमीटर ठेवायची, तरच डास होत नाहीत. ती बाहेरच्या कोपऱ्याच्या नळीनं वर-खाली करता येते.

आधी एक गाळटाकी आणि केसांची जाळी. जाळी दर दोन दिवसांनी साफ. बाहेर पडलेलं पाणी २४ तासांच्या आत वापरा, साठवलं की कुजतं. ठिबकला देऊ नका, छिद्रं बुजतात. हिरवळीवर फवारू तर नकाच, माणसं तिथं बसतात. झाडांच्या आळ्यात, पालापाचोळ्याखाली सोडा.

स्वयंपाकघराचं पाणी यात आणायचं नाही. तेलानं खडीवर थर बसतो आणि वाफा मरतो. त्याला तेल अडवणारी टाकी वेगळी, गर्दीच्या वेळचा प्रवाह अर्धा तास थांबेल एवढी. भांडी घासायच्या वेळी मिनिटाला २० लिटर जात असतील तर ६०० लिटरची. वरचा तवंग दर आठवड्याला काढायचा. गरम पाणी तिच्यात ओतलं की तेल विरघळल्यासारखं पुढं निघून जातं आणि पुढच्या नळीत थिजतं, हा दोष सगळीकडे दिसतो.

शोषखड्डा काळ्या मातीत चालत नाही. ती माती ओली झाली की फुगते आणि पाणी अडवते. मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं.

---

वेरूळकाठ

फार उपयोग झाला. उभी नळी एकच आहे, तळमजल्याच्या ८ खोल्या सोडून. दोन गोष्टी राहिल्या: आरओचं वाया जाणारं पाणी आणि तलाव. आरओ तासाला २५० लिटरचा आहे, जवळपास तेवढंच बाहेर टाकतो. मालक म्हणतात ते कुंड्यांना घाला.

---

कर्दळ

मग तळमजल्याच्या ८ खोल्यांपुरताच वाफा करा, १,२०० ते १,५०० लिटरचा, म्हणजे १०-१२ चौरस मीटर. वरच्या खोल्यांसाठी भिंती फोडू नका.

आरओचं पाणी कुंड्यांना नको. येणारं ९०० टीडीएस आणि निम्मं पाणी बाहेर, म्हणजे बाहेरच्यात क्षार १,७५० च्या आसपास. कुंडीत ते साचत जातात, पानांच्या कडा करपतात. फरशी पुसायला, बाहेरच्या पायऱ्या धुवायला, नोकरवर्गाच्या शौचालयाच्या फ्लशला वापरा. आणि पाणी मऊ करायचा मिठाचा संच कधी बसवलात तर त्याचं खारं पाणी मातीत सोडू नका. सोडियमनं काळी माती चिकट होऊन बसते आणि मग तिच्यात पावसाचंही पाणी मुरत नाही.

---

हिशोबी_माळकरी

तलावाबद्दल इथं सगळे शिव्या घालणार, म्हणून आकडे आधी मांडतो.

५० चौरस मीटर पाणी, मे महिन्यात दिवसाला ७-८ मि.मी. बाष्प होऊन उडतं. म्हणजे ३५० ते ४०० लिटर, महिन्याला ११-१२ हजार. गाळणी उलटी धुवायला तासाला १५ घनमीटरचा पंप तीन मिनिटं चालवला की ७५० लिटर, आठवड्याला एकदा धरा. म्हणजे महिन्याला सगळे मिळून १४-१५ हजार. पहिल्यांदा भरायला १.३ मीटर सरासरी खोलीला ६५ हजार लिटर, साडेसहा टँकर.

आता ३ गुंठे हिरवळ. ३०० चौरस मीटर गुणिले मेमधले ७ मि.मी. म्हणजे रोज २,१०० लिटर, महिन्याला ६३ हजार. तुमची हिरवळ चार तलावांएवढं पाणी पिते आणि तिच्याकडे कुणी बोट दाखवत नाही! ती काढून अर्धा गुंठा ठेवा, बाकी जागेत फरसबंदी, कडुलिंब, बोगनवेल, कण्हेर. कण्हेर विषारी असते, लहान मुलं खेळतात तिथं लावू नका.

तरी मी तलाव करू नका असंच म्हणेन, दोन कारणांनी. एक, बाष्प उडतं पण क्षार मागं राहतात. ९०० टीडीएसचं पाणी वरून भरत राहिलात की वर्षभरात टाइल्सवर पांढरी रेघ येते आणि तलाव अर्धा रिकामा करावा लागतो. तेव्हा वरचे सगळे आकडे मोडीत. दोन, मेमध्ये गावातल्या बाया टँकरपुढं हंडे लावून उभ्या असताना रस्त्यावरून दिसणारा निळा तलाव बरा दिसत नाही. हे लिटरमध्ये मोजता येत नाही, पण रस्त्यावरचा धंदा गावाच्या जिवावर चालतो.

मालक ऐकतच नसतील तर तलाव ऑक्टोबर ते फेब्रुवारी चालवा, त्यावर रात्री आच्छादन ओढा आणि गळती अशी तपासा: पायरीवर पाण्यानं भरलेली बादली ठेवा, बादलीतली आणि तलावातली पातळी २४ तासांनी बघा. तलाव बादलीपेक्षा जास्त उतरला तर तेवढं पाणी भिंतीतून जातंय.

गच्चीचं पाणी बोअरमध्ये घालण्याआधी टाकीत घ्या, हे काळा_पाषाण यांच्या सांगण्याला जोडून. एक चौरस मीटरवर १ मि.मी. पाऊस म्हणजे १ लिटर. ४२० चौ.मी., ७०० मि.मी., १५ टक्के वाया धरून अडीच लाख लिटर. दुष्काळी वर्षाला ४५० मि.मी. धरा, म्हणजे १ लाख ६० हजार. तुमचा दिवसाचा वापर १५ हजार, तर चांगल्या वर्षाचा सगळा पाऊस १७ दिवसांचा. त्यामुळं ‘पावसावर हॉटेल’ हा भ्रम नको. पण हे पाणी मऊ असतं. ते ५० हजारांच्या टाकीत घेऊन धुलाईला, गिझरला आणि आरओच्या आधी वापरलं तर पावडर कमी लागते, कॉइल टिकते. टाकी भरून वाहिली की ते वाहतं पाणी पुनर्भरणाच्या खड्ड्यात.

गच्चीची घाण घेऊन येणारं पावसाचं पहिलं पाणी सोडायची नळी मात्र नीट बनवा. १ मि.मी. म्हणजे ४२० लिटर बाजूला काढायचे आहेत. ११० मि.मी.च्या नळीत मीटरला साडेआठ लिटर मावतात, दोन मीटरची उभी नळी लावून काही होत नाही. २०० लिटरचे दोन पिंप जोडा, तळाला बारीक तोटी ठेवा म्हणजे पुढच्या पावसाआधी ते आपोआप रिकामे होतात. देवगिरीवरचा हत्ती हौद बघा, वेरूळच्या लेण्यांतल्या कातळात खोदलेल्या पोढ्या, म्हणजे पाण्याच्या टाक्या, बघा. दोन्हीकडे पडणारं पाणी आधी साठवलंय.

---

मुरुमखाल्ला

समदं ठीक आहे, पण टँकर तर या उन्हाळ्यातबी लागणारच, त्याचं कुणी बोलंना. १० हजार म्हणून पैसे द्यायलात, मोजून घेताव का? खालच्या हौदाची लांबी-रुंदी मोजा. ४ बाय ३ मीटरचा असंल तर १० हजार लिटरला पातळी ८३ सेंटिमीटर चढाया पाहिजे. भिंतीवर रंगानं खुणा मारून ठेवा, टँकरवाल्यासमोर बघायचं. ७०-७२ वर थांबली तर हजार-दीड हजार लिटर कमी आलं. टँकर रिकामा होईस्तोवर हौदातून वर चढवायचा पंप बंद ठेवायचा, नायतर मोजणीच खोटी.

आन् पाणी कुठल्या विहिरीचं ते विचारा. १० हजार लिटरला ७०-८० ग्राम ब्लिचिंग पावडर, ती २५-३० टक्के क्लोरीनची असंल तर. बादलीत कालवून वरचं निवळ पाणीच हौदात टाकायचं, चोथा नाय. अर्धा तास थांबून क्लोरीनच्या पट्टीनं बघायचं, लिटरला ०.२ मिलिग्रामच्या खाली नको. उघडी पडलेली जुनी पावडर नुसता चुना असती, तिनं काय होत नाय.

कूलरचं बी राहिलं. खोलीच्या कूलरला मेमध्ये तासाला ५ ते १० लिटर लागतंय. २४ कूलर रातभर चालले तर दीड-दोन हजार तिथंच. त्याचा गोळा-कॉक गळत असंल तर त्याच्या वर. ते आधी बघा, मग मीटर.

---

पाना_पक्कड

मुरुमखाल्ला भाऊंचा कूलर मी विसरलो होतो. माझ्या वजाबाकीतले हजार-दोन हजार तिथंच निघण्याची शक्यता मोठी आहे. वेरूळकाठ, कूलरची पाण्याची नळी खोल्यांच्या नळीवरून काढलेली असेल तर तिला पाचवा मीटर लावा, नाहीतर मेमध्ये खोल्यांचा आकडा फुगलेला दिसेल आणि तुम्ही उगाच फ्लश उघडत बसाल.